पोट बिघडले, मग पाय का गेले?

"डॉक्टर, हगवण लागली ती पोटाला. ती तर तीन दिवसांत थांबली. मग आता पाय का उचलंना?"

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातील एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला. पुतण्याने मोटारसायकलवर मधे बसवून, मागून दुसऱ्याने धरून त्यांना आणले होते. दहा-बारा दिवसांपूर्वी जुलाब झाले, पोटात मुरडा आला, ताप आला. गावात औषध घेतले, बरे वाटले. मग एके दिवशी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी उकिडवे बसल्यावर उठता येईना. तिसऱ्या दिवशी चालताना पायातली चप्पल निसटू लागली. घरच्यांना वाटले, अंगावरून वारे गेले. दोन दिवस तेल चोळण्यात आणि शेकण्यात गेले. मी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. निरोगी माणसाचा पाय चटकन उडतो. यांचा हलला नाही. दोन्हीकडे तेच.

त्यांना त्याच दिवशी पुण्याला पाठवले. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. पोटाच्या दुखण्याचा पायाशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर एका अवघड नावाच्या पदार्थात आहे. त्याचे नाव गँग्लिओसाइड. वाचकहो, नावाला घाबरून पान उलटू नका. आपल्या भागातला माणूस हा पदार्थ पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर समजू शकेल, कारण त्याची रचना उसासारखी आहे.

उसाचे मूळ जमिनीत असते आणि कांड्या वर असतात. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाचे, अतिशय पातळ आवरण असते. ते आवरण म्हणजे आपले वावर. गँग्लिओसाइडचे मूळ या स्निग्ध थरात रुतलेले असते. या मुळाला शास्त्रज्ञ सेरामाइड म्हणतात आणि त्याला दोन लांब शेपट्या असतात. मुळातून वर, पेशीच्या बाहेरच्या बाजूला, साखरेच्या कांड्या एकावर एक उभ्या असतात. पहिली कांडी ग्लुकोजची, दुसरी गॅलॅक्टोजची, आणि पुढे आणखी. आता खरी खूण. उसाच्या कांडीवर जसा डोळा असतो आणि त्यातून फुटवा निघतो, तसा यातील एखाद्या कांडीला बाजूने एक फुटवा असतो. हा फुटवा सायॅलिक आम्ल नावाच्या वेगळ्या शर्करेचा. तो असला तरच त्या पदार्थाला गँग्लिओसाइड म्हणायचे. नसला तर तो त्याच भाऊबंदांपैकी दुसरा कोणी.

या घराण्याचे मूळ नाव मजेशीर आहे. लंडनमध्ये राहणारे जर्मन वंशाचे डॉक्टर थुडिकम यांनी मेंदूतील रसायने तपासताना मुळाच्या भागातील एका पदार्थाला १८८४ साली स्फिंगोसिन हे नाव दिले. ग्रीक कथेतील कोडे घालणारी स्फिंक्स त्यांना आठवली, कारण पदार्थाचे कोडे त्यांना सुटत नव्हते. पुढे १९४२ मध्ये जर्मनीतील एर्न्स्ट क्लेंक यांनी मेंदूच्या पेशींतून हे फुटवेवाले पदार्थ वेगळे काढून त्यांना गँग्लिओसाइड म्हटले. त्यांचे अनेक प्रकार आहेत. जीएम-१, जीएम-२, जीडी-१ए, जीक्यू-१बी अशी त्यांची नावे. ही नावे स्वीडनच्या स्वेनरहोम यांच्या पद्धतीची. 'एम' म्हणजे एक फुटवा, 'डी' म्हणजे दोन, 'टी' म्हणजे तीन, 'क्यू' म्हणजे चार. पुढचा आकडा मात्र उलटा चालतो. जीएम-१ मध्ये चार कांड्या, जीएम-२ मध्ये तीन, जीएम-३ मध्ये दोन. पाचातून आकडा वजा केला की कांड्या मिळतात. असा उलटा हिशोब का, असे विचाराल तर प्रयोगशाळेतील तपासणीत हे पदार्थ कोण किती पुढे सरकतो त्यावरून आकडे पडले, एवढेच.

हे पदार्थ सगळ्या पेशींवर थोडेथोडे असतात, पण सर्वांत जास्त मेंदूच्या करड्या भागात आणि मज्जातंतूंवर. पेशीने शेजारच्या पेशीला ओळखणे, बाहेरचा निरोप आत पोहोचवणे, मज्जातंतूच्या वेष्टणाने तंतूला घट्ट धरून ठेवणे ही त्यांची कामे. घराच्या दारावर नावाची पाटी असते तशा या पाट्या आहेत. पाटी पाहून पाहुणा येतो. चोरही पाटी पाहूनच येतो.

आता आपल्या शेतकऱ्याच्या पायांकडे येऊ. त्यांना झालेल्या जुलाबाचे कारण बहुधा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू असावा. हा कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो, कोंबडीला काही त्रास देत नाही. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले चिकन, न तापवलेले दूध, शुद्ध न केलेले पाणी यांतून तो माणसात येतो. बारामती-इंदापूरकडे दूधही आहे आणि पोल्ट्रीही आहे, तेव्हा हा पाहुणा आपल्याला परका नाही. बहुतेकांना चार-सहा दिवस जुलाब होऊन प्रकरण संपते.

पण या जिवाणूच्या काही जातींनी एक सोंग घेतले आहे. त्यांच्या अंगावरच्या साखरेच्या कांड्या हुबेहूब आपल्या जीएम-१ किंवा जीडी-१ए सारख्या असतात. तीच साखर, तोच फुटवा. आपली प्रतिकारशक्ती या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जिवाणू मरतो, जुलाब थांबतात. प्रतिपिंडे मात्र रक्तात फिरत राहतात, आणि पायाला जाणाऱ्या मज्जातंतूंवर त्यांना तीच पाटी दिसते. ती तिथे चिकटतात आणि चोर समजून घरच्याच माणसाला मारतात. मज्जातंतू बिघडला की मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही. स्नायू शाबूत, मेंदू शाबूत, मधली तार तुटलेली. विहिरीवर मोटार चांगली आहे, डीपीवर वीज आहे, पण केबल जळाली आहे, असा प्रकार.

या आजाराला गुलेन-बॅरे सिंड्रोम म्हणतात. १९१६ साली पहिल्या महायुद्धात गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचे वर्णन केले. जिवाणूच्या सोंगाची गोष्ट मात्र पुष्कळ नंतर, १९९० नंतरच्या काळात, विशेषतः जपानमधील नोबुहिरो युकी यांच्या कामातून उलगडली. त्यांनी सशांना जीएम-१ टोचून त्यांचे पाय तसेच लुळे पडतात हे दाखवून दिले. जीक्यू-१बी ही पाटी डोळे फिरवणाऱ्या नसांवर जास्त असते. तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे झाली तर एकाची दोन दिसू लागतात आणि चालताना तोल जातो. कोणत्या पाटीवर हल्ला झाला त्यावर आजाराचे रूप ठरते, हे मला या विषयातले सर्वांत नवलाचे वाटते.

हा आजार आपल्या जिल्ह्याने फार जवळून पाहिला आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात एकाएकी असे रुग्ण येऊ लागले. एरवी लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा आजार, आणि दोन महिन्यांत २०० हून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काही दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरसही. त्या वेळी बारामतीत शिकायला असलेल्या मुलांच्या घरून फोन येत होते, पुण्याला नोकरीत असलेल्यांच्या घरी चिंता होती. लोक विचारत, रुग्णाजवळ बसले तर होतो का? नाही. पायांचा हा लुळेपणा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. जुलाबाचा जंतू हातातून, पाण्यातून जाऊ शकतो, म्हणून शौचानंतर हात धुवावेत. पण रुग्णाला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही. शिवाय ज्यांना कॅम्पायलोबॅक्टरचे जुलाब होतात त्यांतील साधारण हजारात एखाद्यालाच हा आजार होतो, असा अंदाज आहे. म्हणजे प्रत्येक जुलाबाला घाबरून जायचे नाही.

मग घाबरायचे केव्हा? जुलाब, सर्दी-ताप असे काही होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा आला, मुंग्या येऊन तो दिवसागणिक वर वर चढू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अर्धांगवायूत साधारणपणे एका बाजूचा हात-पाय जातो आणि तो घटकेत जातो. इथे दोन्ही बाजू जातात आणि काही दिवसांत हळूहळू जातात. हा फरक घरातल्या माणसालाही ओळखता येतो. पाठ व पोटऱ्या दुखतात, त्यामुळे पुष्कळदा कंबरेचे दुखणे समजून वेळ जातो. आवाज बदलला, गिळताना ठसका लागला, डोळा नीट मिटेना, किंवा एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येईनात, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजावे. अशा रुग्णाला मोटारसायकलवर आणू नये. १०८ ला फोन करावा.

एक गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंसाठीही. जुलाबानंतर रक्तातील पोटॅशियम कमी होऊनही पाय लुळे पडतात आणि तो माणूस योग्य उपचाराने एक-दोन दिवसांत चालू लागतो. म्हणून रक्ताची ती तपासणी आधी करायची. आणि 'ताकदीचे' म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन गुलेन-बॅरेमध्ये द्यायचे नाही. त्याचा उपयोग होत नाही, हे अभ्यासांत सिद्ध झालेले आहे.

उपयोग होतो तो दोन उपचारांचा. एकात रुग्णाचा रक्तद्रव यंत्राने काढून प्रतिपिंडे बाहेर टाकतात. दुसऱ्यात हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात, बहुधा पाच दिवस. वजनाच्या किलोमागे एकूण २ ग्रॅम लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या बाटल्या धरल्या तर २४ बाटल्या झाल्या. खर्च लाखांच्या घरात जातो. ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घराला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. २०२५ च्या साथीत शासनाने हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होईल असे जाहीर केले होते. म्हणून रुग्णालयात दाखल होतानाच योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन चौकशी करावी, जमीन गहाण टाकायला धावू नये. औषध पहिल्या दोन आठवड्यांत दिले तर जास्त गुण येतो. तेल चोळण्यात गेलेले दोन दिवस म्हणूनच मला टोचले. दर चार-पाच रुग्णांत एकाला काही दिवस श्वासाचे यंत्र लागते. तरीही बहुसंख्य माणसे सहा महिने-वर्षात आपल्या पायांनी चालू लागतात.

याच जीएम-१ पाटीची दुसरी गोष्ट आपल्या पालखीच्या वाटेवरची आहे. तुकोबारायांची पालखी दर आषाढीला बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेकाठी जाते. बेलवडीच्या रिंगणाला कोण गेले नसेल? पूर्वी पंढरीच्या यात्रेत पटकीचे भय असे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलत नेत. या कॉलऱ्याचा जंतू स्वतः आतड्याच्या पेशीत शिरत नाही, तो एक विष सोडतो. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून हे विष आहे हे सिद्ध केले. त्या विषाचे पाच हात असतात आणि ते पाचही हात आतड्याच्या पेशीवरील जीएम-१ ला धरतात. तीच चार कांड्यांची साखर, तोच फुटवा. मग विषाचा उरलेला तुकडा आत शिरून पेशीचा एक खटका चालू स्थितीत अडकवून टाकतो आणि क्षार व पाणी आतड्यात लोटू लागते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळे. जंतूची लबाडी इतकी की त्याच्याजवळ इतर गँग्लिओसाइडचे जादा फुटवे छाटणारी एक कातरीही असते. फुटवे छाटले की जीएम-१ उरतो. म्हणजे चोर आपल्याला हवी ती दारे स्वतःच तयार करून घेतो.

एवढे होऊनही आतड्याची एक वाट मात्र शाबूत राहते. साखर आणि मीठ जोडीने आले तर आतडे त्यांना आत ओढते आणि त्यांच्यामागे पाणीही जाते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाईन संपत आल्यावर हेच साखर-मिठाचे पाणी पिंप भरभरून पाजले आणि असंख्य माणसे वाचली. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचे चहाचेच घ्यावेत. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. चव आपल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम, पण ती पूर्ण एक लिटरमध्ये एकदम कालवावी. अर्धी पुडी पेल्यात टाकणारे मी रोज पाहतो.

लहान मुलांच्या बाबतीत या पदार्थाचे आणखी एक प्रकरण आहे, ते दुःखाचे. शरीर जुने गँग्लिओसाइड मोडून टाकते, आणि मोडते ते शेंड्याकडून, एकेक कांडी छाटत. प्रत्येक कांडीला वेगळा कोयता लागतो. जीएम-२ ची शेंड्याची कांडी तोडणारा कोयता जन्मतःच नसेल तर जीएम-२ मेंदूत साचत जातो. सहा महिन्यांपर्यंत चांगले हसणारे-खेळणारे मूल हळूहळू बसायचे विसरते, लहानशा आवाजाला दचकते, नजर हरवते. डोळ्यात पाहिले तर पडद्यावर चेरीसारखा लाल ठिपका दिसतो. लंडनच्या वॉरेन टे यांनी १८८१ मध्ये तो प्रथम पाहिला आणि पुढे न्यूयॉर्कच्या साक्स यांनी आजाराचे वर्णन केले, म्हणून हा टे-साक्स रोग. आजही यावर खात्रीचा इलाज नाही. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तरच असे मूल होते, आणि मग दर गर्भारपणात चारात एक अशी शक्यता असते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा नात्यात दोघांना एकच सदोष जनुक आजोबांकडून मिळालेले असण्याचा संभव वाढतो. नात्यात लग्न झालेल्या सगळ्यांनाच असे होते असे मुळीच नाही. पण एक मूल असे गेले असेल तर पुढच्या गर्भारपणाआधी पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात अनुवंशशास्त्राचा सल्ला घ्यावा. गर्भ अकरा-बारा आठवड्यांचा असताना तपासणी करता येते. आणि सुनेला दोष देण्याआधी सासूबाईंनी ध्यानात ठेवावे की निम्मा वाटा मुलाकडूनही आलेला असतो.

गोड गोष्टही सांगायला हवी. आईच्या दुधात गँग्लिओसाइड असतात, पहिल्या चिकातही असतात. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की दुधातले हे पदार्थ कॉलऱ्याच्या विषाला मधेच पकडतात, म्हणजे विष खऱ्या दाराऐवजी खोट्या दाराला चिकटून राहते. चीक पिळून टाकायची जी चूक अजून काही घरांत होते तिच्याबद्दल मला वेगळे लिहावे लागेल.

गँग्लिओसाइड इतके चांगले तर त्याचे टॉनिक का घेऊ नये, असे कोणी विचारील. युरोपात ते झालेले आहे. गाईच्या मेंदूतून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शने १९८० च्या दशकात नसांच्या दुखण्यासाठी दिली जात. काही रुग्णांना त्यानंतर हाच गुलेन-बॅरे झाल्याच्या नोंदी आल्या आणि ती इंजेक्शने बाजारातून काढावी लागली.

आमचे शेतकरी पुण्याहून चोवीस दिवसांनी घरी आले. दिवाळीनंतर काठी टेकत दवाखान्यात आले तेव्हा उजव्या गुडघ्याला हातोडी मारल्यावर पाय किंचित हलला. चप्पल अजून निसटते म्हणून पट्ट्याची सँडल घेतली होती. घरामागे पुतण्याचे पोल्ट्रीचे शेड, शेडपासून वीस पावलांवर बोअर, आणि त्याच बोअरचे पाणी सगळे पीत, हे त्या दिवशी बोलता बोलता कळले. पाण्यात टीसीएल टाकतात का, विचारले. जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करून जातो, बोअरकडे कोणी पाहत नाही, असे उत्तर मिळाले. पिण्याचे पाणी उकळायला सांगितले.

"आणि चिकन? ते बंद का आता?"

बंद नको. पण नळाखाली धरून धुऊ नका, त्याने जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. ज्या सुरीने कापाल तिनेच कांदा-कोथिंबीर चिरू नका. हाडाजवळचा लालसरपणा जाईपर्यंत शिजवा. आणि दूध तापवूनच प्या, धारोष्ण नको.

"धारोष्णाने ताकद येते म्हणतात की," पुतण्या म्हणाला. चुलत्याने नुसते आपल्या काठीकडे पाहिले.